गरम मुठींचं लफडं

…आणि वर मलाच शहाणपण शिकवतात, की आर्नफिन, एवढ्या थंडीत मोटारसायकल कशाला, सरळ गाडी घे! अहो, गाडी आहे! घरात चांगली चार चाकांची गाडी आहे, बसायची जागासुद्धा गरम होते तिची, पण ती जाते गुन्वोरबरोबर. गुन्वोर म्हणजे आमची ही. नगरपालिकेची नर्स आहे, घरोघरी जाते, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघते, जखमा बांधते, गोळ्या मोजून देते, दिवसाला चौदा घरं, दरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग गाडी कोणाची? तिची. आणि मी कोण, तर शाळेचा केअरटेकर. बॉयलर बघा, पायऱ्यांवरचा बर्फ उपसा, पोरांनी उपटलेल्या कड्या परत बसवा. शाळा सत्तावीस किलोमीटर लांब. मग मी जायचं कसं? मोटारसायकलनं! बाजूला साइडकार जोडलीय, टायरला खिळे ठोकलेत, बर्फावर पडत नाही की घसरत नाही. उणे पंधरा, उणे अठरा, कधी उणे बावीस… सगळं सहन होतं हो. दाढीत बर्फ धरतो, धरू दे. नाक लाल होतं, होऊ दे. डोक्यावर एक केस नाही, तिथं दोन टोप्या घालतो. पण बोटं! तुम्हीच सांगा, बोटं गोठली की माणसानं करायचं काय?

तुम्ही म्हणाल, हातमोजे घाल. बघा! तिथंच तर सगळी मेख आहे. आमच्या दरीत हातमोजे ही साधी गोष्ट नाही. आमच्या बायका विणतात, पांढऱ्यावर काळं, पाठीवर आठ पाकळ्यांचं फूल, मनगटाच्या पट्टीत ज्याच्या त्याच्या नावाची अक्षरं आणि साल. ज्याच्या हातात ते मोजे, तो कुणाचा, हे लांबून कळतं. आता एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तरुण मंडळाच्या नाचाला गेलो होतो. बाहेर पडताना ही आली, माझ्यापुढं एक जोड धरली आणि म्हणाली, "थंडी आहे." बस्स! एवढंच. पुढं नाही, मागं नाही. आणि तुम्हाला सांगतो, आमच्याकडं एवढं बोलणं म्हणजे साखरपुडा झाला. लग्नात तिनं बासष्ट पाहुण्यांना हातमोजे विणून दिले, प्रथाच आहे तशी, दोन वर्षं विणत होती. आणि तेव्हापासून दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक नवी जोड माझ्या ताटाशेजारी. माप घेत नाही. माझा हात पाठ आहे तिला.

आणि असल्या हातमोज्यांतून थंडी वाजते, हे म्हणायचं कोणी? मी? कुठल्या तोंडानं?

नाही म्हणालो कधी. एकतीस वर्षांत नाही म्हणालो. लोकर म्हणजे लोकर हो, झाडं तोडायला गेलात, मासे धरायला बसलात, अगदी फक्कड. पण ताशी सत्तरनं वारा लागला की काय करेल बिचारी मेंढी? पाच किलोमीटरला बोटं झिणझिणतात, दहाला दुखतात, पंधराला दुखायची थांबतात, आणि ते सगळ्यात वाईट. यंदा नोव्हेंबरात, सकाळी पावणेसात, लाकडाच्या वखारीच्या तिठ्यावर आलो, समोरून दुधाचा टँकर. मी म्हटलं ब्रेक दाबू. डोक्यानं हुकूम सोडला, हातानं घेतलाच नाही! बोटं आहेत, दिसतायत, पण माझी नाहीत, कुणीतरी लाकडाची आणून बसवलीत. क्लच नाही, ब्रेक नाही, साइडकारसकट सरळ बर्फाच्या ढिगात. टँकरवाला उतरला, मला बघितलं, गाडी बघितली, म्हणाला, "सकाळी सकाळी?" आणि ढकलायला लागला. मी दहा मिनिटं काखेत हात घालून तिथंच उभा. भीती वाटली, लपवत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुधाच्या टँकरखाली जाणं काही बरं दिसत नाही.

घरी आल्यावर सांगितलं, की बर्फात घसरलो. खोटं नाही, अर्धं खरं. तर गुन्वोर नर्स पडली ना, बरोबर नाडीवर बोट ठेवलं तिनं. म्हणाली, "हात गारठले होते का?" आणि मी… आता काय म्हणायचं ह्या जिभेला… मी म्हणालो, "छे! तुझे हातमोजे होते ना."

झालं. स्वतःच्या हातानं खड्डा खणला, स्वतःच आत उतरलो, वरून माती पण मीच ओढली.

दुसऱ्या दिवशी गेलो आयलिफकडं. आयलिफ म्हणजे आमच्या दरीतला एकुलता एक मोटारसायकल दुरुस्त करणारा, ट्रॅक्टरही करतो, लग्नात अकॉर्डियनही वाजवतो. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की दोन शब्दांच्या मधे तुमची कॉफी पिऊन होते. म्हटलं, आयलिफ, हँडलच्या मुठी गरम करायच्यात. तो म्हणाला, "तीन… प्रकार… आहेत." मी बसूनच घेतलं. एक म्हणे असलेल्या मुठीवर गुंडाळायच्या पट्ट्या. स्वस्त, पण मूठ एवढी जाड होते की घोड्याचा पाय धरून बसल्यासारखं वाटतं. दुसरा, हँडलवर चढवायच्या मोठ्ठ्या पिशव्या, त्यात हात खुपसायचे. ऊबदार, पण मैलभरावरून दिसतात! मला तर दिसायलाच नको होतं काही. तिसरा, जुन्या मुठी काढून टाकायच्या आणि आतच तार असलेल्या नव्या बसवायच्या. बाहेरून मुठीसारखी मूठ, कुणाला पत्ता नाही. म्हटलं, हेच. मग त्याचे प्रश्न सुरू. हँडल बावीस मिलिमीटरचं का पंचवीसचं? मुठीची लांबी किती? उष्णतेच्या पायऱ्या तीन हव्यात का पाच? तुझी गाडी वीज किती तयार करते, आणि त्यातली दिव्याला किती जाते? अहो, मी शाळेचा केअरटेकर आहे, वीज मंडळ नाही! घरी येऊन हिच्या विणकामाच्या टोपलीतली टेप चोरली, गॅरेजात जाऊन हँडल मोजलं, टेप होती तशी गुंडाळून परत ठेवली. चोराला सुद्धा एवढा घाम येत नसेल.

आणि मुठी काउंटरवर ठेवता ठेवता आयलिफ काय म्हणाला माहितीये? म्हणाला, हातमोजे पातळ लागतील. म्हटलं, म्हणजे? म्हणे, जाड लोकरीतून ऊब वर येत नाही. मोजे गरम होतील, तू नाही होणार. मी माझ्या हातांकडं बघितलं. तोही बघत होता. पांढऱ्यावर काळं, आठ पाकळ्या, मनगटावर माझी अक्षरं. तो पण आमच्याच दरीतला, त्याला कशाला सांगायला हवं. मुठी कागदात बांधल्या आणि विचारलं, गुन्वोरला ठाऊक आहे का? म्हटलं, नाही. तर म्हणाला, मग तू माझ्याकडं आला नव्हतास. हा आमचा मित्र बरं का! पण तुम्हीच सांगा, बोटं गोठली की माणसानं करायचं काय? पातळ चामड्याचे मोजे पण घेतले. काळे. त्यावर फूल नाही, पान नाही, नाव नाही. खिशात घातले आणि वरून रुमाल कोंबला.

बसवायचा कार्यक्रम शनिवारी. ही ड्यूटीवर, मी गॅरेजात. जुन्या मुठी बारा वर्षांच्या, हँडलशी एकजीव झालेल्या, पात्यानं सोलून काढल्या. नव्या चढवायच्या तर सरकतात कुठं! आयलिफनं बजावून ठेवलं होतं की गोंद लावू नकोस, पाच आकडे मोजेस्तोवर धरतो, आणि वाकडी बसली की जन्माची वाकडी. त्यापेक्षा केसांचा स्प्रे मार. ओला असेस्तोवर सर्रकन सरकते, वाळला की अशी चिकटते की बैल लावला तरी निघायची नाही. उत्तम! पण केसांचा स्प्रे आणायचा कुठून? गुन्वोरचे केस बोटभर, ती असल्या भानगडीत पडत नाही. म्हणजे सोसायटीच्या दुकानात जाणं आलं. आणि तिथं गल्ल्यावर कोण? योरुन. अहो, ह्या दरीतल्या निम्म्या बातम्या त्या गल्ल्यावर जन्माला येतात आणि उरलेल्या निम्म्या तिथंच मोठ्या होतात. मी आपला स्प्रेचा डबा ब्रेडच्या खाली लपवून ठेवला. तिनं बरोबर तोच आधी उचलला. कोणासाठी, म्हणाली. माझ्यासाठी, म्हटलं. तिनं माझ्या टोपीकडं बघितलं. टोपीखाली काय आहे, म्हणजे काय नाही, हे तिला पक्कं माहितीये, एकाच वर्गात होतो आम्ही. "बरं," म्हणाली. आता त्या 'बरं'मध्ये काय काय होतं, ते मला पुढं कळायचं होतं.

बसवल्या हो मुठी! डावी एका दमात गेली. उजवीला वेळ लागला, कारण ती फिरते, तिच्यावरच रेस आहे, तिची वायर जरा सैल सोडावी लागते. मी आपला नीटनेटकेपणाच्या नादात घट्ट बांधली, आणि हँडल डावीकडं वळवलं मात्र, गाडी आपोआप जी बोंबलायला लागली, शेजारचा कुत्रा साखळी तोडून पळाला. ते निस्तरलं. मग राहिली वीज. आयलिफनं एक चौकोनी डबी दिली होती, म्हणे ही मधे बसव, म्हणजे चावी काढली की मुठी आपोआप बंद. म्हटलं, कशाला हवीय डबी? शाळेचा अख्खा बॉयलर चालवतो मी, मला दोन वायरी कळत नाहीत होय? लाल लालला, काळी काळीला, थेट बॅटरीवर. बटण दाबलं. लाल दिवा लागला. एक मिनिट, काही नाही. दुसऱ्या मिनिटाला तळव्यात अशी ऊब सरकली… अहो, मी एकटा त्या थंड गॅरेजात उभी गाडी धरून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि तिथून माझी चोरांची दुनिया सुरू झाली. सकाळी साडेसहाला निघायचं ते लोकरीचे हातमोजे घालून. गुन्वोर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असते, रोज असते, तिला हात करायचा, आठ पाकळ्या नीट दिसतील असा. मग तीन किलोमीटर पुढं वळण आहे, टेकाडाच्या आड, तिथं थांबायचं, लोकरीचे काढून साइडकारमधे ठेवायचे, काळे चढवायचे, बटण दाबायचं, निघायचं. येताना उलटं. आता त्या सबंध रस्त्यावर गाडी उभी करायला साफ केलेली जागा एकच, आणि ती कुठं? बोर्गहिल्डच्या फाटकापुढं! बोर्गहिल्ड म्हणजे कोण, तर विधवा बाई, वय वर्षं चौऱ्याहत्तर, कमरेला पट्टा, गुडघ्याची वाटी बदललेली. मी तिच्यासाठी थांबत नव्हतो हो, मी मोज्यांसाठी थांबत होतो! पण शाळेची बस त्याच वेळेला जाते. शाळेचे अकरा दिवस, सकाळी एकदा, दुपारी एकदा. बसमधे चाळीस पोरं. त्यांना दोन-दोन डोळे.

बरं, एवढं करून सुख किती? तर अर्धं. कारण मूठ गरम करते तळवा, आणि वारा लागतो पाठीला. पातळ मोजे, मधे अडवायला काही नाही. खाली पाव भाजून निघतोय आणि वर बर्फ धरतोय! पण बोटं हलत होती, ब्रेक लागत होता, म्हटलं, हेही नसे थोडके.

बाराव्या दिवशी घात झाला. आदल्या दिवशी परतताना घाईत बटण बंद करायचं विसरलो. थेट बॅटरीवर जोडलेलं ना, रात्रभर आमच्या गॅरेजात दोन मुठी गरम होत बसल्या, कुणाचेही हात नसताना. सकाळी गाडी कण्हत कुंथत सुरू झाली. मी शहाणा, वळणावर नेहमीसारखा थांबलो आणि बोर्गहिल्डची झोपमोड नको म्हणून इंजिन बंद केलं. संपलं! उणे एकोणीस. बटण दाबतोय, गाडी टक् म्हणतेय, मी दाबतोय, ती टक्. तेवढ्यात दार उघडलं आणि बोर्गहिल्ड बाहेर आली, अंगावर गाऊन, पायात बूट. म्हणाली, रोज दारापर्यंत येऊन परत जातोस, आज तरी आत ये. आणि नेमकी त्याच क्षणी बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न सुद्धा दिला, सलामी दिल्यासारखा!

आत गेलो. जाणार कुठं? बॅटरी काढून तिच्या स्वयंपाकघरात चार्जरला लावली, नवऱ्याचा जुना चार्जर होता तिच्याकडं, दोन तास लागले. तिनं वॅफल केले, कॉफी दिली, नवऱ्याच्या गोष्टी सांगितल्या. आणि ओले झालेत म्हणून माझे लोकरीचे हातमोजे माझ्या हातातून घेऊन शेगडीवरच्या दांडीला वाळत घातले. बॅटरी भरली. मी धावत पळत बाहेर, काळे मोजे घातले, निघालो. लोकरीचे? राहिले दांडीवर. आणि आता विचार करा, दरीत नर्स एक, तिची घरं चौदा, मंगळवारी अकरा वाजता गुडघ्याची पट्टी बदलायची असते कोणाची?

बरोब्बर!

साडेचारला आम्ही जेवायला बसतो. उकडलेले बटाटे होते, मासा होता. ही आली, बटाट्यांच्या भांड्याशेजारी ते हातमोजे ठेवले, नीट घडी घालून, अक्षरं माझ्याकडं करून. आणि शांतपणे म्हणाली, "बोर्गहिल्डकडं दोन तास. रोज दोनदा थांबतोस. आणि केसांचा स्प्रे." योरुननं आपलं काम चोख बजावलं होतं. मी ताट बाजूला सारलं. आणि तुम्हाला खोटं सांगत नाही, एक क्षण, एकच क्षण माझ्या मनात आलं की सरळ म्हणावं, हो, बाई आहे! म्हणजे बघा माझी काय गत झाली असेल. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईवर आळ कसा घ्यायचा? उठलो, तिला गॅरेजात घेऊन गेलो, बटण दाबलं. लाल दिवा. म्हटलं, हात लाव. तिनं लावला. मग खिशातून ते पातळ काळे मोजे काढले आणि हँडलवर ठेवले. आता काय लपवायचं राहिलं होतं!

तिनं मोजे उचलून उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "बोर्गहिल्ड असती तर मी समजून घेतलं असतं."

मी बटण बंद केलं.

"एकतीस वर्षं," म्हणाली, "आणि एकदाही म्हणाला नाहीस की हात गारठतात."

म्हटलं, तुला वाईट वाटलं असतं म्हणून. तर माझ्याकडं बघून म्हणाली, "मग आता काय वाटतंय?" आणि घरात निघून गेली. खरंच सांगतो, लाज वाटली. टँकरपुढं नव्हती वाटली तेवढी भीती पण वाटली. त्या बाईनं एकतीस हिवाळे माझा हात मनात धरून टाके घातले, आणि मी खिडकीला हात करून तिला फसवत होतो.

पुढं तीन दिवस अबोला. आमच्याकडं भांडण असं होत नाही, आदळआपट नाही, आवाज नाही. डबा मात्र रोज मिळायचा. बुधवारी कागद उघडला तर पाव आणि लोणी, नेहमीचं तपकिरी चीज नाही. गुरुवारी लोणी पण नाही. शुक्रवारी कागदात दोन पाव, एकमेकांकडं तोंड करून, मधे काही नाही. मी बॉयलरपाशी बसून ते कोरडे पाव खाल्ले आणि म्हटलं, आर्नफिन, सोमवारी नुसता कागद येईल.

तिकडं दरीत निराळाच धुरळा. पोस्टवाली हसतेय, बसवाला डोळा मारतोय. मी गेलो बोर्गहिल्डकडं, हात जोडले, म्हटलं, बाई, तू तरी सांग लोकांना, काही नाही म्हणून. तिनं कॉफी ओतली, शांतपणे साखर ढवळली आणि म्हणाली, "चाळीस वर्षांत माझ्याबद्दल कोणी काही बोललं नाही, आर्नफिन. चार दिवस राहू दे की." आता हिला काय बोलायचं!

शनिवारी दुपारी बघतो तर गॅरेजात दिवा. हळूच डोकावलो. गुन्वोर गाडीवर बसलेली, जाड कोट घालून, समोरून पंखा लावलेला, मुठी चालू. आधी उघड्या हातांनी धरल्या. मग लोकरीचे घातले. मग माझे ते काळे पातळ. मग टेप काढून मूठ मोजली, मग स्वतःचाच तळवा उलटा-सुलटा करून बघितला, पेशंटचा बघावा तसा. अर्धा तास. बॅटरी परत बसली. मी पाय न वाजवता घरात परतलो.

घरात आली ती तरातरा. म्हणाली, आयलिफ गाढव आहे. चार दिवसांतलं पहिलं वाक्य! खालून ऊब, वरून वारा, म्हणजे तळव्याला पातळ हवं आणि पाठीला जाड हवं, एवढी साधी गोष्ट, आणि पातळ-जाड काय करतोय तो? तळव्याला एक सूत, पाठीला तीन! टोपली ओढली, सुया काढल्या आणि बसली. आणि त्या सुयांचा आवाज सुरू झाला, टिक टिक टिक… मी उठून कॉफी केली, तिच्याशेजारी ठेवली. तिनं घेतली. म्हणजे मिटलं.

रविवारी संध्याकाळी जोड तयार. काय देखणी! पाठीवर तेच फूल, भरगच्च, वाऱ्याची बिशाद नाही. तळवा असा पातळ की मुठीवरची रेघन् रेघ कळावी. मी हात पुढं केले. एकतीस वर्षांची सवय, आपोआप पुढं गेले. तर तिनं जोड कागदात गुंडाळली आणि म्हणाली, ही आयलिफची, त्याला दाखवायचंय गाढवाला.

दाखवलं. आणि त्या गाढवानं काय करावं? ते घालून डोंगरापलीकडं गेला, आला आणि दुकानात ठळक दिसतील असे खिळ्याला टांगून ठेवले! आमच्याकडं मोटारसायकलवाले चार, पण बर्फावरच्या स्कूटरी घरटी एक, आणि त्या प्रत्येकीच्या मुठी कारखान्यातूनच गरम होणाऱ्या येतात. सगळ्यांचे तळवे भाजलेले, सगळ्यांच्या पाठी गोठलेल्या, आणि मी सोडून कोणीही कधी तोंडातून ब्र काढला नव्हता, म्हणजे मी पण नव्हता काढला, पण निदान पकडला तरी गेलो! आता आमच्या फ्रिजच्या दारावर हिला विणायच्या जोडांची यादी लागलीय. आयलिफ दोन जोड, बदलायला लागते म्हणे. पोस्टवाली. बसचा ड्रायव्हर. योरुनचा नवरा. डोंगरावरच्या बचाव पथकाचे अकरा. सातव्या नंबरावर बोर्गहिल्ड! अहो, तिच्याकडं सायकल सुद्धा नाही! विचारलं मी. म्हणाली, पुढंमागं कोणी थांबलंच फाटकापाशी, तर हाताशी असावेत.

मी विचारलं, हळूच विचारलं, गुन्वोर, माझे? तर यादीवरून नजर न काढता म्हणाली, तुला कुठं थंडी वाजते, तूच म्हणाला होतास ना, छे! मग पेन्सिल घेतली आणि सगळ्यात खाली लिहिलं माझं नाव. नंबर त्रेचाळीस.

ते काळे मोजे? ते बोर्गहिल्डच्या कुत्र्यानं खाल्ले म्हणे. कसे पोचले तिथपर्यंत, ते मी विचारलं नाही, काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या. म्हणून सध्या मी रोज खिडकीला हात करून, जुने लोकरीचे हातमोजे घालून, चालू केलेल्या गरम मुठी धरून शाळेत जातो. आयलिफ बोलला ते खरंय. मोजे गरम होतात. आता मार्च चालू आहे, सुया एकोणिसाव्या जोडीवर आहेत. हिशेब केला मी, माझा नंबर लागेल जूनमधे, दरीत लोक जेव्हा उघड्या अंगानं गवत कापत असतात तेव्हा.

पण तुम्हाला सांगतो, एक खोड मोडली माझी. आता खोटं बोलत नाही. रोज सकाळी निघताना ती विचारते, हात गारठतात का? आणि मी स्पष्ट सांगतो, हो, गारठतात, फार गारठतात, पंधरा किलोमीटरला बोटं माझी राहत नाहीत. ती ऐकून घेते, अगदी प्रेमानं ऐकून घेते, आणि सुयांवरून मान वर न करता म्हणते, "मग? रांग आहे."